भूकंपात मोडलेल्या अणुभट्टीत आत काय चाललंय हे बाहेर बसून कसं कळतं?

तुम्ही विचारलंय की आत माणूस जाऊ शकत नाही, मग रोबोट पाठवतात का. आणि तुम्ही बोईसरचे, पालघरचे धक्के अनुभवलेले, म्हणून विचारताय.

रोबोट सोडा. ते जातात महिन्यांनी, वर्षांनी, फोटो काढायला. पहिल्या रात्री हाताशी असतात ते पाण्याची पातळी, दाब आणि किरणोत्सर्ग यांचे आकडे. त्यातला पहिला, ज्यावर सगळ्यांचा डोळा असतो, तोच बिनदिक्कत थापा मारतो. हे सांगून सांगून आम्हा इन्स्ट्रुमेंटेशनवाल्यांचा, म्हणजे मापनयंत्रं सांभाळणाऱ्यांचा, घसा बसलाय.

११ मार्च २०११, जपानमधलं फुकुशिमा दाइची अणुवीजकेंद्र. भूकंप होताच चालू असलेल्या तिन्ही भट्ट्या आपोआप बंद झाल्या. पाऊण तासाने त्सुनामीचं पाणी टर्बाइन इमारतींच्या तळघरात शिरलं, जनरेटर बुडाले, १ नंबरच्या भट्टीच्या बॅटऱ्याही गेल्या. कंट्रोल रूममध्ये अंधार. लोकांनी गाड्यांच्या बॅटऱ्या आणल्या, १२ व्होल्टच्या दोन सिरीजमध्ये जोडून २४ केले आणि पॅनेलमागच्या टर्मिनलला वायरी लावून मीटर जागे केले. रात्री ९:१९ला १ नंबरची पातळी दिसली: इंधनाच्या वरच्या टोकाच्या २० सेंटिमीटर वर. म्हणजे इंधन बुडालेलं. नंतरच्या विश्लेषणाप्रमाणे ते संध्याकाळी सहाच्या सुमारासच उघडं पडायला लागलं होतं.

बॅटरी ठीक, वायर ठीक, ट्रान्समीटरही ठीक. मग चुकलं कुठे? हा मीटर पाणी बघत नाही, दोन पाण्यांच्या वजनातला फरक बघतो. एका बाजूला रेफरन्स लेग: वरच्या कंडेन्सिंग पॉटमधून (वाफेचं पाणी करणाऱ्या भांड्यातून) उतरणारी बारीक नळी, जी कायम काठोकाठ भरलेली असते असं गृहीत धरलंय. दुसऱ्या बाजूला भट्टीच्या पोटातलं पाणी. दोघांतला फरक मोठा तर भट्टीत पाणी कमी, फरक लहान तर पाणी जास्त. आता ड्रायवेल, म्हणजे भट्टीभोवतीची बंद कोठी, तापला आणि भट्टीचा दाब उतरला, की रेफरन्स लेगमधलंच पाणी उकळून उडतं. फरक घटतो, आणि काटा सांगतो पाणी वाढलं! लेगमधलं एक मीटर पाणी गेलं की भट्टीत ढोबळमानाने एक मीटर पाणी फुकटचं दिसतं.

पुढे कित्येक आठवडे तोच मीटर उणे १.७ मीटरच्या, म्हणजे इंधनाच्या वरच्या टोकाच्या १.७ मीटर खाली, आसपास ठाण मांडून होता. पाण्याचा प्रवाह कमी-जास्त होतोय, आणि पातळी हलत नाही? जो मीटर हलत नाही तो मोजत नाही. मे महिन्यात माणसं इमारतीत शिरली, मीटर कॅलिब्रेट केला, तेव्हा कळलं की पाणी इंधनाच्या वरच्या टोकापासून ५ मीटरहून खाली आहे. इंधनाची लांबी ४ मीटरच्या आत. म्हणजे ते जागेवर असतं, तर पूर्ण कोरडं असतं.

‘पातळीचे ए आणि बी दोन्ही चॅनेल (दोन वेगळे मीटर) जवळपास एकच सांगतात, म्हणजे बरोबर’ असं म्हणणारे ऑपरेशनवाले मला आजही भेटतात. अहो, पॉट दोन असले तरी दोन्ही एकाच तापलेल्या ड्रायवेलमध्ये. दोन साक्षीदार एकाच घरचे. खरी साक्ष वेगळ्या तत्त्वावरच्या मापाची, आणि ती त्या रात्री होती. ११ वाजता टर्बाइन इमारतीच्या दाराशी किरणोत्सर्ग तासाला १.२ मिलिसिव्हर्ट. ११:५०ला ड्रायवेलचा दाब ६०० किलोपास्कल, डिझाइनचा ५३०च्या आसपास. बुडालेलं इंधन असले आकडे दाखवत नाही.

तापमानाचंही तसंच. थर्मोकपल म्हणजे दोन धातूंच्या तारांचा एक सांधा. तारेवरचं इन्सुलेशन वाफेने ओलं झालं की वाटेतच दुसरा सांधा तयार होतो आणि मीटर तिथलं तापमान सांगतो. फेब्रुवारी २०१२मध्ये २ नंबरच्या भट्टीच्या तळाचा एक थर्मोकपल ८० अंशांची मर्यादा ओलांडून पार ४००च्या घरात गेला. शेजारचे गप्प. आधी खबरदारी म्हणून विखंडन (अणू फुटणं) रोखणारं बोरिक ॲसिड सोडलं, मग वायुगाळणीत झेनॉन-१३५ हा विखंडनातून निघणारा वायू आहे का ते बघितलं. त्याचं अर्धायुष्य ९ तासांचं, त्यामुळे तो साठलेला जुना माल असू शकत नाही. दिसला तर विखंडन ताजं. तो सापडला नाही. मग थर्मोकपलच्या तारेचा रेझिस्टन्स मोजला: तार तुटायला आलेली. क्रम हाच ठेवा. आधी सगळ्यात वाईट शक्यता नाकारायची, मग मीटरवर शंका घ्यायची. उलटा क्रम आळशाचा.

आता भूकंपाचं. १३ फेब्रुवारी २०२१ला फुकुशिमाला पुन्हा ७.३चा धक्का बसला. त्यानंतर १ आणि ३ नंबरच्या कंटेनमेंटमधलं (भट्टीभोवतीच्या बंद कवचातलं) पाणी उतरलं, म्हणजे जुन्या गळत्या रुंदावल्या असणार. आतमध्ये वेगवेगळ्या उंचीवर सोडलेले सेन्सर होते, म्हणून ते कळलं तरी. पण ३ नंबरच्या इमारतीत बसवलेले दोन भूकंपमापक आदल्या वर्षीच बिघडले होते, आणि दुरुस्त केले नव्हते. धक्क्याची नोंदच नाही! दहा वर्षांपूर्वी मोडलेली इमारत किती हलली, हे ज्या यंत्राने सांगायचं तेच बंद. याला माझ्या लेखी माफी नाही.

तुमच्या तारापूरबद्दल: १ आणि २ नंबर १९६९चे, उकळत्या पाण्याचे, फुकुशिमाच्याच कुळातले. ३ आणि ४ जड पाण्याचे, त्यांची मांडणी निराळी. वरची रेफरन्स लेगची गोष्ट त्यांना जशीच्या तशी लावू नका. आणि पालघरचे धक्के कुठे, ७.३ कुठे, हेही लक्षात असू द्या. पण कधी जनसुनावणीला गेलात तर ‘सुरक्षित आहे ना?’ असं विचारू नका, उत्तर ठरलेलं असतं. विचारा, भूकंपमापक किती आहेत, आज त्यातले चालू किती, आणि बंद पडला तर किती दिवसांत बदलता.