‘मॅडम, आता बँकेचा फोन उचलू नका’

‘ताई, दोन क्रेडिट कार्डं आणि एक पर्सनल लोन आहे. बहिणीच्या आजारपणात खर्च झाला, मग एकाचं भरायला दुसरं काढत गेले. आता निम्म्याहून जास्त पगार हप्त्यांत जातो. दोन महिन्यांपूर्वी मोबाईलवर जाहिरात बघून एका लोन सेटलमेंटवाल्यांना फोन केला. ते म्हणाले, हप्ते थांबवा, बँकेचे फोन आमच्याकडे वळवा, सहा महिन्यांत कर्ज निम्म्यावर आणतो. नोंदणी फी भरली, आधार-पॅनच्या प्रती दिल्या. आता ते ‘लीगल फी’ आणि सही केलेले कोरे चेक मागतायत. वसुलीवाले रात्री नऊला फोन करतात, ऑफिसातल्या मैत्रिणीलाही केला. नवऱ्याला यातलं काही माहीत नाही. उरलेली फी भरून टाकू का?’
– फोन सायलेंटवर ठेवणारी

प्रिय मैत्रिणी,

नाही. फी भरू नकोस आणि कोरे चेक तर मुळीच देऊ नकोस. आधी दिले असशील तर आजच बँकेत जाऊन त्यांचं पेमेंट थांबव.

तो माणूस गोड बोलत असणार. सगळे पैसे मागत असताना ‘काळजी करू नका मॅडम’ म्हणणारा तो पहिलाच भेटला, म्हणून तू फी भरलीस. यात लाज वाटण्यासारखं काही नाही. पण त्या बदल्यात त्याने तुला दिलं काय? फोन न उचलायची मुभा, बस. कर्ज कमी करायचा अधिकार फक्त कर्ज देणाऱ्या बँकेला असतो. तू गप्प बसलीस आणि बँकही बोलायची थांबली, की मधल्या माणसाचं दुकान चालतं.

सेटलमेंट करून देणारे सगळेच चोर असतात असं मी म्हणणार नाही. पण काम व्हायच्या आधी पैसे मागणारा, ‘हमखास निम्मं’ म्हणणारा, बँकेशी बोलू नका सांगणारा आणि कोरे चेक मागणारा माणूस एकच असेल, तर आणखी पुरावा कशाला हवा? ‘आम्ही रिझर्व्ह बँकेचे मान्यताप्राप्त’ असंही ऐकवलं असेल. रिझर्व्ह बँक अशा दलालांना परवाना देत नाही. उलट डिसेंबर 2023 मध्ये तिनेच लोकांना सावध केलं होतं, की काही मंडळी फी उकळून कर्जमाफीची प्रमाणपत्रं वाटतायत आणि तसा अधिकार त्यांना नाही.

हप्ते थांबवण्याचा सल्ला मला सगळ्यात घातक वाटतो. व्याज आणि दंड चढत राहतात, 90 दिवस थकलं की खातं बुडीत वर्गात जातं. चेक किंवा बँकेतून आपोआप जाणारा हप्ता पैसे नसल्यामुळे परत गेला, तर फौजदारी तक्रारही होऊ शकते. आणि समजा सेटलमेंट झालीच, तर सिबिलच्या, म्हणजे कर्जफेडीची नोंद ठेवणाऱ्या क्रेडिट ब्युरोच्या, अहवालात ‘क्लोज्ड’ऐवजी ‘सेटल्ड’ असा शेरा पडतो. पुढे घरासाठी कर्ज मागायला गेलीस की तोच आडवा येईल. हे त्याने सांगितलं होतं?

आता कामाला लाग. फोन वळवलेत ते आधी परत घे, ईमेलचा पासवर्ड बदल. त्यांना दिलेल्या पैशांच्या पावत्या आणि चॅट जपून ठेव आणि 1930 या सायबर हेल्पलाइनला तक्रार नोंदव. दोन महिने उलटलेत, पैसे परत मिळतीलच असं खोटं आश्वासन मी देणार नाही. पण तुझी कागदपत्रं त्यांच्याकडे आहेत, म्हणून नोंद हवीच. क्रेडिट अहवालही काढ. प्रत्येक क्रेडिट ब्युरोकडून वर्षातून एकदा तो फुकट मिळतो. तुझ्या नावावर नवं कर्ज उभं राहिलंय का, ते त्यात कळेल.

मग बँक. फोनवर बोलू नकोस, ईमेल कर. उत्पन्न किती, घरखर्च किती, महिन्याला किती भरू शकतेस, हे सरळ लिही. पर्सनल लोनची मुदत वाढवून हप्ता कमी होतो का आणि कार्डांची थकबाकी हप्त्यांत बदलून मिळते का, ते विचार. कार्डाचं व्याज महिन्याला साडेतीन टक्क्यांच्या आसपास असतं, म्हणजे वर्षाला चाळीसच्या वर. नुसती ‘किमान रक्कम’ भरत राहिलं की मुद्दल जागचं हलत नाही. (मीही दोन वर्षं तेच केलं होतं. स्टेटमेंट उघडायचंच नाही, हा माझा उपाय होता.) सेटलमेंटवरच वेळ आली, तर बँकेच्या लेटरहेडवर रक्कम आणि तारीख लेखी आल्याशिवाय एक रुपया देऊ नकोस. भरायचा तो थेट कर्जखात्यात, आणि नंतर ‘नो ड्यूज’चं, म्हणजे काही बाकी नसल्याचं, पत्र घ्यायचं.

रात्री नऊचा फोन नियमात बसत नाही. सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर वसुलीसाठी फोन करायला रिझर्व्ह बँकेची मनाई आहे. मैत्रिणीला फोन करून तुला खजील करणंही चालत नाही. वेळा लिहून ठेव, बँकेकडे लेखी तक्रार कर. 30 दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जा. फी लागत नाही, माहितीसाठी 14448 हा क्रमांक आहे. मात्र लोकपाल छळाची दाद घेईल, कर्ज कमी करून देणार नाही.

वकील हवा तर ‘लीगल फी’ कशाला? कायद्याने स्त्रियांना, उत्पन्न कितीही असो, मोफत विधी सेवेचा हक्क आहे. 15100 वर फोन कर किंवा जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या कार्यालयात जा. लोकअदालतीत तडजोडही तिथूनच होते. फक्त तिथला निवाडा अंतिम असतो, अपील नाही. तेव्हा झेपेल त्याच आकड्यावर सही कर. लोकअदालतीची नोटीस व्हॉट्सॲपवर आली, तर ती खरी आहे का हे आधी त्या कार्यालयात विचार.

नवऱ्याबद्दल तू एकच ओळ लिहिलीस. तू लपवतेयस हे त्या दलालालाही ठाऊक आहे; ‘घरी कळू देणार नाही’ असं त्याने म्हटलं असेल तर तेच त्याचं हत्यार. वहीत सगळे आकडे मांड, बँकेला पाठवायचा ईमेल लिहून ठेव आणि ती वही घेऊन नवऱ्यासमोर बस. तो रागावेल, पहिल्या दिवशी बोलणारही नाही कदाचित. पण वसुलीवाल्यांनी मैत्रिणीला गाठलंय. त्यांचा पुढचा फोन नवऱ्याला गेला, तर ही बातमी त्याला त्यांच्याकडून कळेल. त्याआधी तुझ्याकडून कळू दे.

– ताई