आई-बाबांना घेऊन टूर कंपनीशिवाय जपान जमेल का?

हो, व्यवस्थित जमेल. तुम्ही लिहिलंय की नोव्हेंबरात दहा दिवस काढायचेत, आई-बाबा पासष्टीच्या पुढचे आहेत, दोघं पक्के शाकाहारी आहेत, आईंचे गुडघे दुखतात आणि टूरवाल्यांची पळापळ नकोय. मी टोकियोत राहते. माझे आई-वडील आणि सासू-सासरे इथे राहून, फिरून गेलेत, त्यामुळे ठामपणे सांगते: ट्रेन मिळेल का, कोणी फसवेल का, भाषा येत नाही मग कसं होणार, या चिंता सोडून द्या. तयारी दोनच गोष्टींची करायची, जेवणाची आणि चालण्याची.

आधी जेवण. इथल्या स्वयंपाकाचा पाया म्हणजे दाशी नावाचं पातळ सार, आणि ती बहुतेक वेळा वाळवलेल्या माशाच्या पापुद्र्यांपासून केलेली असते. मिसो सूप, उदोन आणि सोबा या शेवयांचा रस्सा, उकडलेल्या भाज्या, भाज्यांच्या टेम्पुराबरोबर (भजी म्हणा) येणारं पातळ तोंडीलावणं, सगळ्यात ती असू शकते. वेटर 'यात मासे नाहीत' म्हणाला तर तो खोटं बोलत नसतो. त्याच्या लेखी मासा म्हणजे ताटात दिसणारा तुकडा. म्हणून नुसतं 'व्हेजिटेरियन' म्हणून भागत नाही. मांस, मासे, कोळंबी-शिंपले आणि माशाची दाशी चालत नाही, दूध चालतं, अंडं चालतं की नाही, असं सगळं जपानीत लिहून फोनमध्ये ठेवा आणि बसायच्या आधी दाखवा. नाही जमणार असं दुकानदार म्हणाला तर वाईट वाटून घेऊ नका, तो प्रामाणिकपणे सांगतोय.

सेव्हन-इलेव्हन, लॉसन, फॅमिलीमार्ट ही दुकानं पावलोपावली आहेत, पण तिथेही पाकीट उलटून बघायची सवय लावा. ओनिगिरी, म्हणजे भाताचा त्रिकोणी मुटका, घ्यायची झाली तर आंबट उमे (खारवलेलं प्लमसारखं फळ) घातलेली शाकाहारी असेल असं वाटतं. पण मागच्या लेबलवर फोनचा कॅमेरा धरून भाषांतर केलंत तर 'कात्सुओ' अर्क असं पुष्कळदा निघतं, आणि कात्सुओ म्हणजे तोच दाशीचा मासा. नुसत्या मिठाची मिळाली तर उत्तम, तरी लेबल वाचाच. पाकिटावर १, २, ३ असे आकडे असतात: आधी मधली पट्टी खाली ओढायची, मग दोन्ही कोपरे एकेक करून. तसं उघडलं की नोरी, म्हणजे बाहेरचा समुद्री शेवाळाचा पापुद्रा, कुरकुरीत राहते. बाबांना एकदा करून दाखवा, मग तेच सगळ्यांची उघडून देतील. केळी, दही, एदामामे म्हणजे कोवळ्या सोयाबीनच्या उकडलेल्या शेंगा, कप्पा माकी म्हणजे काकडी घातलेली भाताची गुंडाळी आणि थंडीत भाजलेली रताळी, यांवर सकाळ-संध्याकाळचं बरंचसं निभतं. पोटभर जेवणासाठी भारतीय हॉटेलं सगळ्या मोठ्या शहरांत आहेत. टोकियो स्टेशनच्या आत टीज् तानतान नावाचं पूर्ण वनस्पतिजन्य रामेनचं (शेवयांच्या सूपचं) दुकान आहे, आणि कोको इचिबानियाच्या काही शाखांत मांसाचा अर्क नसलेली करी मिळते. टोकियोतल्या निशी-कासाई भागात भारतीय वस्ती मोठी आहे. डाळ, पीठ, मसाले, सगळं तिथे मिळतं.

घरून चिवडा, भाकरवडी, थेपले, मेतकूट, लोणचं खुशाल आणा. ताजी फळं, भाज्या आणि कढीपत्ता मात्र आणू नका, विमानतळावर काढून घेतात. मांसाचा कुठलाही पदार्थ चालत नाही. आणि आपली विजेची किटली किंवा कुकर आणण्यात अर्थ नाही. इथे वीज 100 व्होल्टची आहे, आपलं 230 व्होल्टचं यंत्र नीट तापतच नाही. हॉटेलच्या खोलीत बहुधा किटली असतेच. फोनचे चार्जर चालतात, फक्त दोन चपट्या पिनांचा अडॅप्टर लागतो.

आता चालणं. जपानमध्ये गाडीने दारात उतरणं जवळपास नसतं. स्टेशनात लिफ्ट असते, पण ती एखाद्याच दाराला असते, आणि चुकीच्या दाराने बाहेर पडलात तर आईंच्या वाट्याला नको तेवढे जिने येतात. म्हणून हॉटेल निवडताना 'स्टेशनपासून पाच मिनिटं' एवढंच बघू नका, लिफ्ट असलेल्या दारापासून किती लांब ते नकाशावर बघा. दिवसाला एक मोठं ठिकाण पुरे. क्योतोच्या फुशिमी इनारीला वरपर्यंत जायची काही गरज नाही, लाल तोरींची, म्हणजे कमानींची, दाट रांग सुरुवातीलाच आहे. तिथूनच परत फिरा.

सामान कुरिअरने पुढे पाठवून द्या, हा माझा सगळ्यात कळकळीचा सल्ला. ताक्क्यूबिन म्हणतात त्याला, काळ्या मांजरीचं चिन्ह असलेली यामातो कंपनी सगळ्यांना माहीत आहे. हॉटेलच्या काउंटरवर फॉर्म भरायचा, पुढच्या हॉटेलचा पत्ता आणि पोचायची तारीख लिहायची, बॅगेला चिठ्ठी लागली की झालं. टोकियोहून क्योतोला साधारण दुसऱ्या दिवशी पोचते, एका बॅगेला दोन-तीन हजार येन पडतात. एका रात्रीचे कपडे आणि औषधं जवळ ठेवा. शिनकान्सेनमध्ये, म्हणजे बुलेट ट्रेनमध्ये, लांबी, रुंदी, उंची मिळून 160 सेंटीमीटरपेक्षा मोठी बॅग नेण्यासाठी वेगळी जागा राखून घ्यावी लागते, ती कटकटही वाचते.

जेआर पास, म्हणजे परदेशी पर्यटकांसाठीचा ठरावीक दिवसांचा रेल्वे पास, तुमच्यासाठी नको. सात दिवसांचा पास 29,650 येनांचा होता तेव्हा सगळे डोळे मिटून घ्यायचे. ऑक्टोबर 2023 मध्ये तो 50,000 झाला. टोकियो-क्योतो राखीव तिकीट एका बाजूचं साधारण 14,000 येन, म्हणजे जाऊन-येऊनही पास वसूल होत नाही. सुटी तिकिटं काढा आणि टोकियोहून जाताना ई सीट मागा, शिन-फुजी स्टेशनच्या आसपास आकाश स्वच्छ असेल तर फुजी त्याच बाजूला दिसतो. शहरातल्या प्रवासासाठी प्रत्येकाला वेगळं सुइका किंवा पास्मो कार्ड (आधी पैसे भरून वापरायचं) लागतं, एकात तिघं जात नाहीत. रोख पैसे सेव्हन-इलेव्हनच्या एटीएममधून निघतात. टिप कोणालाही द्यायची नाही.

व्हिसा आधीच काढावा लागतो, विमानतळावर मिळत नाही. 'व्हिजिट जपान वेब' या जपान सरकारच्या प्रवेशासाठीच्या वेबसाइटवर तिघांची माहिती घरूनच भरून क्यूआर कोड काढून ठेवा. पासपोर्ट कायम अंगावर हवा, इथला कायदाच तसा आहे. आई-बाबांची रोजची औषधं महिन्याभरापुरती, डॉक्टरांच्या चिठ्ठीसह आणा. कोडीन असलेलं खोकल्याचं औषध आणि स्यूडोएफेड्रिनच्या सर्दीच्या गोळ्या घरीच ठेवा, त्यावरून अडवू शकतात. प्रवासविमा टाळू नका. रुग्णवाहिकेला 119, पोलिसांना 110.

नोव्हेंबरच्या उत्तरार्धात क्योतोत लाल झालेली पानं बघायला येणाऱ्यांची गर्दी असते, म्हणून तिथलं हॉटेल आत्ताच घ्या. आणि तिथले दोन दिवस कमी करून एक रात्र कोयासानला, डोंगरावरच्या बौद्ध मठांच्या गावाला, द्याच. ओसाकाच्या नांबाहून नानकाई रेल्वे, मग केबल कार, मग बस. मठांत राहायची सोय असते आणि जेवण शोजिन र्योरी, भिक्षूंचं पूर्ण शाकाहारी, कांदा-लसूणही नाही. आई-बाबा निर्धास्तपणे जेवतील असं जपानमधलं हे पहिलं ताट असेल. जमिनीवर बसावं लागतं, तेव्हा बुकिंग करतानाच खुर्ची मागून ठेवा. उंची 800 मीटरच्या आसपास आहे, रात्री चांगलीच थंडी पडते. तिथल्या विद्यापीठात बाबासाहेबांचा पुतळा आहे, 2015 मध्ये बसवलेला.

तुम्ही पुण्याचे आहात म्हणून आणखी एक. सिंहगड रस्त्यावरची पु. ल. देशपांडे बाग ज्या बागेवरून बेतली, ती कोराकुएन ओकायामात आहे. शिन-ओसाकाहून शिनकान्सेनने पाऊण तास. बाग सपाट आहे, आईंना त्रास होणार नाही. नोव्हेंबरात सकाळी आठला उघडते आणि स्टेशनपासून शिरोशितापर्यंत ट्राम जाते, तिथून थोडंच चालायचं.