उपवास आणि पापांगीकार करूनही अंतःकरण शुद्ध झाल्यासारखे का वाटत नाही?

तुम्ही लिहिले आहे की भस्म बुधवारपासून, म्हणजे ईस्टरआधीच्या उपवासकाळाच्या पहिल्या दिवसापासून, मांसाहार सोडला, रोज रात्री पापांगीकाराची, म्हणजे पापे कबूल करण्याची, प्रार्थना केली, तरी मन निर्मळ झाल्यासारखे वाटत नाही. आणि मेव्हण्याचे पैसे द्यायचे राहिल्यामुळे त्याच्याशी अबोला आहे, हेही जाता जाता लिहिले आहे. माझ्या मते तुमचा खरा प्रश्न त्या शेवटच्या अर्ध्या वाक्यात आहे. मांसाहाराचे फारसे मनावर घेऊ नये. बाहेरून आत जाणारे काही माणसाला विटाळवीत नाही, अंतःकरणातून निघते तेच विटाळवते, हे मार्काच्या शुभवर्तमानाच्या सातव्या अध्यायात स्पष्ट आहे. आणि पंचहौद या ख्रिस्ती मिशनमध्ये टिळक-रानड्यांसारख्यांनी 1890 साली घेतलेल्या चहावरून ज्या पुणे शहरात प्रायश्चित्ताचे वाद पेटले, तिथल्या माणसाने तरी पोटातल्या पदार्थांवर शुद्धी मोजू नये.

हा प्रश्न मला झोंबतो तो माझ्या थोरल्या काकांमुळे. नगरकडची वडिलोपार्जित जमीन विकली गेली तेव्हा माझ्या वडिलांच्या वाट्याची रक्कम त्यांनी "सगळे कागद होईपर्यंत" म्हणून स्वतःकडे ठेवली, तिच्यातून हडपसरला फ्लॅट घेतला आणि पुढे विषयच काढला नाही. काही वर्षांनी उपवास-प्रार्थनेच्या एका सभेत त्यांनी उभे राहून साक्ष दिली की आपण लोभी होतो, परंतु प्रभूने आपले अंतःकरण धुऊन काढले आहे. सांगताना ते रडले, मंडळीही रडली. त्या रडण्यात ढोंग होते असे मी आजही म्हणणार नाही. मात्र घरी आल्यावर मी वडिलांच्या पैशांचे विचारले, तेव्हा ते शांतपणे म्हणाले, "देवाने पुसून टाकलेले तू पुन्हा कशाला लिहितोस?" आणि त्यांनी एक्कावन्नावे स्तोत्र पुढे केले: तुझ्याविरुद्ध, तुझ्याविरुद्धच मी पाप केले आहे. म्हणजे हिशेब देवाचा आणि त्यांचा. वडील त्यात कुठेच नाहीत.

हे स्तोत्र असे वापरणे मला मुळीच मान्य नाही. नाथान संदेष्टा दावीद राजाकडे त्याचे पाप दाखवायला आला त्या प्रसंगाचे ते आहे, असे त्याच्या शीर्षकातच म्हटले आहे. गरिबाची एकुलती एक मेंढी हिरावून घेणाऱ्या श्रीमंताची गोष्ट नाथानाने सांगितली, तेव्हा त्या माणसाने चौपट भरपाई करावी असा निकाल दाविदानेच दिला होता. स्तोत्रातली शुद्ध हृदयाची विनवणी त्या निकालानंतरची आहे. ज्याची बायको दाविदाने घेतली आणि ज्याला त्याने मारवले, तो उरिया मेलेला असल्याने दाविदाला त्याचे काही परत करणे शक्य नव्हते. माझे वडील तर जिवंत होते आणि दर रविवारी काकांच्या मागच्याच बाकावर बसत होते. डोंगरावरील प्रवचनात येशू सांगतो की वेदीजवळ असताना भावाच्या मनात आपल्याविरुद्ध काही आहे असे आठवले, तर दान तिथेच ठेवून आधी समेट करावा. दुखावलेल्या भावाने आपण होऊन यावे, अशी अपेक्षा त्या वचनात नाही.

यावरून पैसे परत केले की अंतःकरण शुद्ध होते, असा अर्थ कृपया काढू नये. शुद्ध करते ते ख्रिस्ताचे रक्त; जक्कय या जकातदारानेही लुबाडलेले चौपट परत देण्याचे बोलून दाखवले ते येशू त्याच्या घरी आल्यानंतर, त्याला घरी आणण्यासाठी नव्हे. उपवासही वाया जातो असे नाही, त्याने प्रार्थनेला धार येते. देणे फिटल्यावरही अपराधीपणा महिनोन्महिने छळत राहिला, तर पाळकांशी आणि गरज वाटल्यास डॉक्टरांशीही बोलावे.

तूर्त तुम्ही मेव्हण्याकडे जावे, तेही मंडळीत साक्ष देण्याआधी आणि रक्कम बरोबर घेऊन. सगळी एकदम जमत नसेल तर हप्ते ठरवून कागदावर लिहून द्यावेत. तो "जाऊ द्या, झाले गेले विसरा" म्हणाला तरी पैसे त्याच्या हाती ठेवूनच यावे. माझे वडीलही तसेच म्हणाले होते, आणि काकांनी ते लगेच मान्य केले.