कोल्हापुरात क्रिकेट खेळणाऱ्या एका वाचकाने विचारलंय: चांगला क्रिकेटपटू पुढे चांगला प्रशासक होतो का?

होतो, पण धावांच्या जोरावर नाही. भारताचे माजी कर्णधार अजित वाडेकरांचंच बघा. 1971 च्या किंग्स्टन कसोटीत पहिला दिवस पावसात गेला. भारताच्या 387 ला विंडीजचं उत्तर 217. सामना चार दिवसांचा झाल्यामुळे फॉलोऑनला, म्हणजे मागे पडलेल्या संघाला लगेच पुन्हा फलंदाजीला लावायला, 150 ची आघाडी पुरत होती, आणि वाडेकरांना तो नियम पक्का ठाऊक होता. सरळ विंडीजचा कर्णधार सोबर्सच्या ड्रेसिंग रूममध्ये जाऊन त्यांनी फॉलोऑन सांगितला! नियमावर अशी पकड असलेला माणूसच पुढे कारभार बघू शकतो, असं माझं ठाम मत आहे. पुढे ते संघाचे व्यवस्थापक झाले. 1994 मध्ये ऑकलंडला सलामीवीर सिद्धूची मान आखडली, तेव्हा सचिनला सलामीला पाठवायला त्यांनी कर्णधार अझरुद्दीनसोबत होकार दिला. सचिनच्या 49 चेंडूंत 82 धावा. नंतर निवड समितीचं अध्यक्षपदही आलं.

मतांचं राजकारण मात्र वेगळं. 2001 मध्ये मुंबई क्रिकेट संघटनेच्या अध्यक्षपदाच्या निवडणुकीत शरद पवारांनी त्यांना हरवलं.

तुम्ही कोल्हापुरातच खेळता म्हणताय, तर शास्त्रीनगर मैदानावर स्पर्धा असली की स्कोअररशेजारी बसा, पंचांच्या परीक्षेची तयारी करा. क्लबला अशी माणसं कायम कमी पडतात.