कोलेस्टेरॉल नॉर्मल आलं, मग गोळी बंद केली तर चालतंय का?

तुम्ही लिहिलंय की आप्पांचं वय 57, शुगर आहे, एलडीएल म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल 168 आलेलं, डॉक्टरांनी ॲटोर्वास्टॅटिन 20 (कोलेस्टेरॉल उतरवायची, स्टॅटिन गटातली गोळी) दिली, तीन महिन्यांनी 94 आलं, आणि आता आप्पा म्हणालेत नॉर्मल आलंय की, आणि शेजारचे म्हणालेत रोज घेतली की लिव्हर-किडनी जातंय.

मी डॉक्टर नव्हे, फार्मासिस्ट आहे, बेळगावात मेडिकलच्या काउंटरला असतो. एकदम बंद करू नका एवढं आधी सांगतो. ते 94 आलंय ते गोळीमुळंच आलंय हो. बंद केली की थोड्या आठवड्यांत परत जुन्या आकड्याच्या आसपास जातंय. रक्तातलं कोलेस्टेरॉल बहुतेक आपलं लिव्हरच तयार करतंय, ही गोळी तिथलं एक एन्झाइम अडवते, मग लिव्हरला कमी पडलं की ते रक्तातलं एलडीएल ओढून घेतंय. गोळी थांबली की हे सगळं थांबलं.

दुसरं म्हणजे 94 हे आप्पांसाठी नॉर्मल आहे का तेच आधी बघा. लॅबच्या कागदावर 100 च्या खाली चांगलं असं छापलेलं असतंय ते सगळ्यांसाठी एकच, शुगरवाल्यांना साधारण 70 च्या खाली ठेवायला सांगतात, अटॅक येऊन गेलेल्यांना तर त्याहून खाली. म्हणजे तुम्ही बंद करायचं विचारालाय आणि डॉक्टर कदाचित वाढवायच्या विचारात असतील! वाढवली तरी 20 ची 40 केली म्हणून दुप्पट उतरत नाही, जेमतेम 6 टक्के जास्त उतरतंय, म्हणून बरेच डॉक्टर सोबत एझेटिमाइब देतात, ती आतड्यातनं कोलेस्टेरॉल शोषू देत नाही.

आमच्याकडं खेड्यातनं येणारी माणसं पैशाची ओढाताण असली की चिठ्ठी पुढं करून म्हणतात, बीपीची दे, शुगरची दे, ती कोलेस्टेरॉलची राहू दे. समजतंय मला, शुगर चढली की माणूस रात्रभर लघवीला उठतंय, कोलेस्टेरॉल चढलं तर काहीच दुखत नाही, मग पहिली कात्री त्यालाच. खर्चाचा प्रश्न असेल तर जनऔषधी केंद्रात हीच गोळी पुष्कळ स्वस्त मिळते, तिथनं घ्या पण घ्या.

लिव्हरचं म्हणाल तर एसजीपीटी (लिव्हरची रक्ततपासणी) फार थोड्यांचं वाढतंय, डॉक्टर अधनंमधनं तपासतात, आणि किडनी कमजोर असलेल्यांनासुद्धा ॲटोर्वास्टॅटिनचा डोस कमी करावा लागत नाही, शेजाऱ्यांना सांगा. शुगर मात्र जरा वर सरकू शकते हे खरं आहे, पण हार्टचा फायदा त्याहून कितीतरी मोठा. अंगदुखीची तक्रार जास्त येते. इंग्लंडमध्ये 2020 साली एक अभ्यास आला, त्रास होतो म्हणून गोळी सोडलेल्या लोकांनाच कधी खरी, कधी खोटी (औषध नसलेली) दिली, तर खोट्या गोळीवरही जवळजवळ 90 टक्के तेवढाच त्रास सांगितला लोकांनी. तरीपण मांड्या-दंड फार दुखायला लागले आणि लघवी काळपट झाली तर गोळी थांबवून त्याच दिवशी डॉक्टर गाठायचे, त्यात हयगय नको. आणि दुसऱ्या कुठल्या डॉक्टरनी क्लॅरिथ्रोमायसिन हे अँटिबायोटिक लिहून दिलं तर ही गोळी चालू आहे म्हणून सांगायचं.

"केमिकल नको, झाडपाल्याचं घेतो" म्हणणाऱ्यांना मी सांगतो की स्टॅटिनचा शोधच बुरशीतनं लागलाय. जपानच्या अकिरा एन्डोंनी हजारो बुरशी तपासून 1970 च्या दशकात पहिली स्टॅटिन काढली, आणि 1987 ला अमेरिकेत लोव्हास्टॅटिन बाजारात आली. लसूण-जवस खा की, कोण नको म्हणालंय, पण गोळीच्या बदली नको.

खाण्याचं पथ्य पाहिजेच, आमच्या बेळगावचा गोड कुंदा महिन्याकाठी एखाद्या वेळी ठीक. आणि तेलाच्या डब्यावर कोलेस्टेरॉल फ्री लिहिलंय म्हणून जादा पैसे देऊ नका, कुठल्याच शेंगतेल-सूर्यफुलात कोलेस्टेरॉल नसतंयच, बघायचं ते डालडा आणि तळून तळून काळं झालेलं तेल.

पुढच्या वेळी आप्पांना घेऊन जाल तेव्हा डॉक्टरना सरळ विचारा, यांचं एलडीएल कितीच्या खाली पाहिजे, आणि तो आकडा फाईलवर लिहून घ्या. टीएसएच (थायरॉईडची तपासणी) झाली नसेल तर तीपण विचारा, थायरॉईड कमी असलं तरी एलडीएल चढतंय आणि अशा माणसाला स्टॅटिननं अंगदुखीचा त्रास लवकर होतो.