बाबांना नवा कॅमेरा घेऊन द्यावा का?

परवा परभणीहून एका ताईंचा मेसेज आला. बाबा रिटायर होऊन दीड वर्ष झालं, तरुणपणी पक्ष्यांचे फोटो काढायचे, आता दर रविवारी कपाटातून जुना कॅमेरा काढतात, पुसतात आणि परत ठेवून देतात, नवा घेऊन देऊ का म्हटलं तर चिडतात. मग घ्यावा की नको? मी समुपदेशन करते, असा प्रश्न माझ्याकडं सारखा येतो, कुठं कॅमेरा असतो, कुठं पेटी, कुठं तबला. म्हणून एका सरांची गोष्ट सांगते. त्यांची परवानगी घेतलीय, ओळख पटेल असं सगळं बदललंय.

सर कीटकशास्त्रज्ञ, आख्खी नोकरी ज्वारीवरच्या खोडमाशीत गेली. वय 63. मिसेस घेऊन आल्या होत्या, "हे बोलतच नाहीत हो घरात." मी आधी झोप, भूक सगळं विचारून घेतलं, कारण दोन आठवड्यांहून जास्त दिवस कशातच मन लागत नसेल, झोप उडाली असेल, जगून काय करायचं असं मनात येत असेल तर तो छंदाचा विषय राहत नाही, तिथं सायकिॲट्रिस्टला दाखवायलाच पाहिजे (टेली मानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनच्या 14416 वर मराठीतसुद्धा बोलता येतं). सरांचं तसं नव्हतं. जेवण-झोप नीट, फक्त कॅमेऱ्याचा विषय निघाला की गप्प.

तिसऱ्या भेटीला कॅमेराच घेऊन आले. पेंटॅक्स के 1000, जुना रोलचा कॅमेरा, रेक्झिनच्या बॅगेत. लेन्स खिडकीच्या उजेडाकडं धरून मला दाखवली, आत कोळ्याच्या जाळ्यासारखी बुरशी पसरलेली. "ही मीच वाढू दिली मॅडम," एवढं म्हणाले आणि डोळ्यात पाणी आलं. 36 फोटोंचा रोल, मग तो धुवायचा खर्च, आईचं आजारपण, मुलीची फी, पुढच्या हिवाळ्यात बघू म्हणता म्हणता तीस वर्षं गेली.

इथंच घरच्यांचं चुकतं, सुरुवातीच्या वर्षांत माझंही चुकायचं. आपण लगेच म्हणतो, अहो वयाचं काय घेऊन बसलात, करा की आता सुरू! समोरचा माणूस गेलेल्या वर्षांचं दुःख सांगायलाय आणि आपण त्याला उत्साह पाजतो. त्या दिवशी मी काहीच सुचवलं नाही, आम्ही पाऊण तास फक्त न काढलेल्या फोटोंवर बोललो. जायकवाडीच्या नाथसागरावर हिवाळ्यात पट्टकदंब हंस येतात, हिमालय ओलांडून, डोक्यावर दोन काळ्या पट्ट्या. एकदा पहाटे त्यांचा थवा सरांच्या अगदी डोक्यावरून गेला आणि रोल संपलेला होता. तो थवा त्यांनी मला हातवारे करून दाखवला, कुठून आला, कुठं वळला, सगळं.

पुढच्या वेळी स्वतःच म्हणाले, पुतण्याचा डिजिटल कॅमेरा डोळ्याला लावून बघितला पण सगळं धूसर, माझे डोळे गेलेत. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं, डोळ्यांचे डॉक्टर म्हणाले नजर छान आहे. मला कॅमेऱ्यातलं काही कळत नाही, ओळखीच्या एका फोटोग्राफरला विचारलं तर कळलं की ज्या भिंगातून बघतो त्याच्या शेजारी एक बारीक चाक असतं, डायॉप्टर म्हणतात, ते आपल्या नजरेप्रमाणं फिरवावं लागतं. पुतण्याचं चाक पुतण्याच्या नंबरावर होतं! सरांनी ते फिरवलं आणि आतले आकडे लख्ख दिसले. एवढ्या गोष्टीवरून माणसानं स्वतःला बाद केलं होतं. उलट ऑपरेशननंतर निळा रंग जास्त उठून दिसतो कारण डोळ्यातली म्हातारी झालेली पिवळट लेन्स निघून गेलेली असते, तारेवर बसलेला नीलपंख बघून सर दहा मिनिटं तिथंच थांबले होते म्हणे.

हात थरथरायचा, त्यावर मिसेसनी जुन्या जीनची पिशवी शिवली, त्यात ज्वारी भरली. ती गाडीच्या खिडकीवर ठेवायची आणि तिच्यावर कॅमेरा टेकवायचा.

पहिला फोटो आणला तो गच्चीवर पडलेल्या पिसाचा आणि शेजारी 15 सेंटीमीटरची पट्टी. नोकरीत प्रत्येक किडीच्या फोटोला पट्टी लागायची, मापाशिवाय फोटो त्यांना खोटा वाटायचा. मी एकच होमवर्क दिला, महिनाभर पट्टी ठेवायची नाही आणि एकही फोटो डिलीट करायचा नाही. पट्टी सुटली. तारीख-वेळेची एक्सेल शीट मात्र गुपचूप चालूच होती, ती मी चालू दिली कारण त्यात त्यांना खरंच मजा येत होती.

सगळं सरळ झालं नाही. एका ग्रुपबरोबर नाथसागरावर गेले, पोरांकडं हातभर लेन्स, परत आले आणि तीन आठवडे कॅमेऱ्याला हात लावला नाही. नंतर एकटेच जायला लागले, घरापासून चार किलोमीटरवरच्या पाझर तलावावर.

तर ताई, आत्ता लगेच ऑनलाइन मागवू नका. रविवारी बाबा कॅमेरा पुसायला बसले की शेजारी बसा, चहा घेऊन, आणि कुठला फोटो राहिला ते विचारा. पुढं घ्यायची वेळ आली तर त्यांनाच दुकानात न्या, वजन हातात घेऊन बघू दे. आणि डोळ्याला लावायच्या आधी ते बारीक चाक फिरवून घ्यायला सांगा.