लोकाग्रह, लोकआग्रह आणि गिऱ्हाईक

भुसावळच्या एका ताईंनी विचारलंय की बॅनरवर 'लोकाग्रहास्तव' छापायचं का 'लोकआग्रहास्तव', आणि 'जनतेच्या आग्रहाखातर' म्हटलं तर अर्थ बदलतो का. लोकाग्रहास्तव छापा, लोक अधिक आग्रह, सरळ संधी आहे. 'स्तव' आणि 'खातर' कामाला सारखेच, खातर तेवढा अरबीतून फारसीमार्गे आलेला.

माझं डोकं उठतं ते वेगळ्याच गोष्टीने. हा शब्द नाटकाच्या जाहिरातीत वाढलेला, 'खास लोकाग्रहास्तव पुन्हा एकदा', म्हणजे प्रयोग आधी झालेला पाहिजे, लोकांनी बघितलेला पाहिजे आणि परत लावा म्हणून ते मागे लागलेले पाहिजेत. आता जळगावात कुठल्याही चौकात मान वर करून बघा, ज्याने अजून ग्रामपंचायतसुद्धा लढवलेली नाही तो भाऊ पांढऱ्या शर्टात हात जोडून उभा, खाली कार्यकर्त्यांच्या पासपोर्ट फोटोंची रांग आणि वर भलंमोठं 'लोकाग्रहास्तव'. अरे पण आग्रह केला कोणी, त्या रांगेतल्यांनीच ना? पंगतीत वाढप्याने स्वतःच्याच ताटात जिलेबी वाढून घ्यावी आणि वर म्हणावं, आग्रह फार झाला हो.

खरी मजा 'ग्रह्' या धातूत आहे. ग्रह् म्हणजे पकडणं. आकाशातला ग्रह पकडतो, ग्रहणात राहू पकडतो, गजेंद्राचा पाय धरणारी मगर म्हणजे ग्राह, आणि आग्रह म्हणजे घट्ट धरून ठेवणं. 'घेणे' पण याच घराण्यातलं, ज्ञानेश्वरीत 'घेपे' भेटतं. म्हणजे पब्लिकने एखाद्याला डोक्यावर घेतलं म्हणताना आपण तोच धातू वापरतोय. आणि सगळ्यात भारी, ग्राहक घासून घासून झालेलं आपलं गिऱ्हाईक! लोकाग्रह आणि गिऱ्हाईक सख्खे चुलत भाऊ निघाले की.

माझं तर म्हणणं आहे की तमाशाच्या कनातीत हे दोघं एकाच खुर्चीवर बसतात. सारंगखेड्याच्या यात्रेसारख्या गर्दीत नोट वर धरून लावणीची फर्माईश करणारा माणूस आग्रह करतो का गिऱ्हाईक असतो? दोन्ही. नोट घेतली, नाव पुकारलं, गाणं परत झालं. निदान तिथे आग्रह कोणाचा ते माईकवरून कळतं, बॅनरवर तेवढंही नाही.

आमच्याकडचे एक रिटायर्ड सर मात्र सांगत फिरतात की गिऱ्हाईक गावंढळ, शिवाय मूळचं फारसी, शुद्ध हवं तर ग्राहक म्हणा. सर, कुठली फारसी? ज्या अमळनेरात १९५२ साली साहित्य संमेलनाचे अध्यक्ष म्हणून व्युत्पत्तिकोशकार कृ. पां. कुलकर्णी बसले, तिथून हाकेवर राहून असं बोलायचं? नुसतं 'ऱ्ह' दिसलं की फारसी, हा तुमचा पूर्वग्रह, आणि तोही तुम्ही हिंदीसारखा 'पूर्वाग्रह' लिहिता. रावेरला केळीच्या व्यापाऱ्याला 'या ग्राहक महोदय' म्हणून बघा एकदा, तो दुसऱ्याच्या मळ्यात जाईल.

आणि हो, 'गिऱ्हाईक करणे' म्हणजे एखाद्याची चारचौघांत टर उडवणे. लोकाग्रहास्तव उभे राहणाऱ्यांचं मतमोजणीच्या दिवशी जे होतं त्याला दुसरा शब्द नाही.